प्रवेशाचा इसार

२०२५ सालच्या जुलै महिन्याच्या आरंभी मुखेड तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ आमच्या कचेरीत आले होते. हातातील पिशवीतून तीन पावत्या काढून त्यांनी त्या आमच्या मेजावर एकीशेजारी एक अशा मांडल्या. पहिली पावती लातूरच्या एका खासगी शिकवणी वर्गाची, दुसरी नांदेडच्या तशाच एका वर्गाची आणि तिसरी लातुरातील मुलींच्या एका खासगी वसतिगृहाची होती. तिन्ही पावत्यांवरील तारखा दहावीच्या निकालापूर्वीच्या होत्या. आणि तिन्हींच्या तळाशी बारीक अक्षरांत एकच वाक्य छापलेले होते : भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. गृहस्थांच्या मुलीला उत्तम गुण मिळाले होते. शासनाच्या प्रवेशयादीत तिला पहिल्या पसंतीचे म्हणून नांदेडचे महाविद्यालय मिळाले आणि तिने ते आनंदाने स्वीकारले. अर्थात् लातूरच्या दोन्ही पावत्या आता निव्वळ कागद झाल्या होत्या. त्यांवरील रकमेची बेरीज त्यांच्या एका हंगामाच्या सोयाबीनच्या नफ्याहून अधिक होती. त्यांनी रागावून काही विचारले नाही. खालच्या आवाजात एवढेच म्हणाले, "साहेब, लेकरानं तीन जागी नाव घातलं, ह्यात आमचं काय चुकलं?"

त्या वेळी आम्ही त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. तथापि तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. निकालाचे दिवस जवळ आले की नांदेडच्या बसस्थानकावर आणि लातूरच्या 'ट्यूशन एरिया'त बाप-लेकांच्या, माय-लेकींच्या जोड्या हातात कागदांची चळत घेऊन हिंडताना दिसू लागतात, आणि तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. एकाहून अधिक महाविद्यालयांकडे अर्ज करणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे की तो त्याचा चंचलपणा आहे? हक्क असेल, तर त्याची किंमत कोणी भरायची? आणि ज्याला आपण 'प्रवेशाचे नियम' म्हणतो, ते नियम बांधतात तरी कोणाला? या प्रश्नांचा निर्णय भावनेच्या भरात नव्हे, तर शांतपणे करावयास हवा.

ज्यांच्या पिढीला निवड ही गोष्टच ठाऊक नव्हती, त्यांना आजची ही धावपळ अनाठायी वाटण्याचा संभव आहे. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकावे लागे. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ साली, नांदेडला यशवंत महाविद्यालय १९६३ साली आणि लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. ज्या प्रदेशात एका महाविद्यालयासाठी लोकांनी मूठमूठ निधी गोळा केला, त्या प्रदेशात आज मुलापुढे दहा महाविद्यालयांची यादी असावी, ही लहान गोष्ट नव्हे. 'लातूर पॅटर्न' या नावाने कठोर परिश्रमांची आणि सरावाची जी शिस्त या भागात रुजली, तिने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील मुले लातुरात आणली. नांदेडही त्याच वाटेने गेले. म्हणून निवडीची ही गर्दी आपल्या यशातून निर्माण झालेली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

या यशाचीच दुसरी बाजू अशी की, गुणवत्तेच्या शिखरावर आता दाटी झाली आहे. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी साऱ्या राज्यात २११ निघाले. त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागीय मंडळाचे, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतले होते. सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज आणि कला-क्रीडांचे वाढीव गुण यांचा त्यात वाटा आहे, हे खरे. पण त्याचा परिणाम चुकत नाही. जेथे शंभर गुणांचीच रांग लागते, तेथे पंचाण्णव गुणांच्या मुलीला आपला क्रमांक कोठे लागेल हे कसे कळावे? कोणत्या महाविद्यालयाची यादी कोठे थांबेल, हे तिला ठाऊक नाही. तिच्या शिक्षकांना नाही, आणि खरे पाहता त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही ते आधी ठाऊक नसते. अशा अनिश्चिततेत एकच अर्ज करणे याला एकनिष्ठा म्हणत नाहीत. तो अविचार होय. शेतकरी सुद्धा पावसाचा भरवसा नसेल तेव्हा एकाच पिकावर सारे रान टाकीत नाही. तेव्हा अनेक ठिकाणी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

दोष असेल तर तो अनेक जागा अडवून धरण्यात आहे. अर्ज करणे आणि जागा अडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या प्रश्नावरील निम्मा गोंधळ हा भेद न केल्यामुळे होतो. अर्ज म्हणजे केवळ इच्छा. तिच्यामुळे दुसऱ्याचे काही जात नाही. जागा मात्र एकच असते. ती एकाने विनाकारण धरून ठेवली तर दुसऱ्या मुलाचे वर्ष बिघडते. म्हणून प्रवेशाच्या कोणत्याही न्याय्य नियमाचे सार एका ओळीत सांगता येईल : अर्ज हवे तितके, जागा एक. या कसोटीवर आजचे नियम तपासून पाहू.

अकरावीच्या प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन पद्धत २००९ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरांत गेली. २०२५-२६ या वर्षापासून ती साऱ्या राज्याला लागू झाली आणि नांदेड व लातूर हे जिल्हे प्रथमच तिच्या कक्षेत आले. आरंभ काही शुभ झाला नाही. २१ मे २०२५ रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि २६ मे रोजी पुन्हा प्रारंभ करावा लागला. पण त्या फजितीवरून पद्धतीची किंमत करणे अन्यायाचे ठरेल. नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि वीस लाखांहून अधिक जागा एका यादीत आल्या. विद्यार्थ्याने एकच अर्ज भरावा, त्यात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहावीत, आणि गुणानुक्रमाने ज्याचे त्याला मिळावे, अशी ही रचना. पूर्वी दहा महाविद्यालयांच्या दहा खिडक्यांपुढे उभे राहावे लागे, दहा अर्ज विकत घ्यावे लागत, आणि कोणाची शिफारस कोठे चालते याची चौकशी करावी लागे. किनवटच्या किंवा देवणीच्या मुलाला हे कसे जमावे? एका अर्जात दहा दारे ठोठावता येणे हा त्याच्या दृष्टीने मोठा न्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीतील ज्या नियमाविरुद्ध सर्वांत अधिक ओरड झाली, तो पहिल्या पसंतीचा नियम. पहिल्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेतलाच पाहिजे. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या अखेरच्या फेरीपर्यंत त्याला थांबावे लागते. २८ जून २०२५ च्या पहिल्या यादीत सहा लाख बत्तीस हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांना महाविद्यालये मिळाली. त्यांपैकी साडेचार लाखांहून अधिकांना पहिलीच पसंती मिळाली. म्हणजे या नियमाने तितकी मुले एका क्षणात बांधली गेली. 'ही जबरदस्ती आहे,' असे पुष्कळ पालक म्हणाले.

आम्हांस तसे वाटत नाही. ज्या महाविद्यालयाला तुम्ही स्वतःच सर्वांत वर लिहिले, ते मिळाल्यावर नको म्हणणे म्हणजे ज्याला ते खरोखर हवे होते त्याची वाट अडविणे होय. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेशावरच एक छोटा निबंध लिहिला. विद्यार्थी आपल्या पसंतीक्रमाने अर्ज करीत जातील आणि महाविद्यालय आलेल्यांपैकी वरच्या गुणांच्या मुलांना तात्पुरते ठेवून घेईल, अखेरचा शब्द सर्वांचे अर्ज संपल्यावरच देईल, अशी रीत त्यांनी मांडली. तिचे वैशिष्ट्य असे की, तीत मनातील खरा क्रम लिहिण्याने विद्यार्थ्याचे कधीही नुकसान होत नाही. या विचारावर पुढे जे काम झाले त्याबद्दल शॅप्ली आणि अल्व्हिन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम चांगला की वाईट हे ओळखण्याची यापेक्षा सोपी खूण आम्हांस ठाऊक नाही : त्या नियमाखाली खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते काय?

पहिल्या पसंतीच्या नियमाला ही खूण लावली, तर खरा क्रम लिहिणाऱ्याचे काही जात नाही. मात्र 'खरा क्रम' लिहिण्यासाठी मुलाला खरी माहिती असावयास हवी. नियम असे गृहीत धरतो की, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आपली निवड पूर्ण जाणून केली आहे. वस्तुस्थिती काय आहे? वर्षाची एकूण फी किती, वसतिगृह आहे की नाही, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रयोग होतात की केवळ वही भरली जाते, वर्ग प्रत्यक्ष भरतात की मुले दिवसभर शिकवणीलाच असतात, यांतील किती गोष्टी पसंती लिहिण्यापूर्वी पालकाला कळतात? या नियमात विद्यार्थ्याचा शब्द पक्का धरला जातो. महाविद्यालयाचा शब्द मात्र त्याच्याकडून घेतलाच जात नाही. आमचा आक्षेप नियमाच्या या एकांगीपणावर आहे.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. ज्याला पहिली पसंती मिळाली नाही, तिसरी किंवा पाचवी मिळाली, त्याने काय करावे? प्रवेश निश्चित केला तर वरच्या पसंतीची आशा संपली. न करावा तर हातातले गेले, आणि पुढच्या फेरीत तेही मिळेल याची शाश्वती नाही. सधन घरचा मुलगा थांबू शकतो. कारण काहीच जमले नाही तर व्यवस्थापनाच्या कोट्यातून त्याची सोय होऊ शकते. ज्याचा बाप शेतमजूर आहे, तो पहिल्या दिवशी जे मिळेल ते घेऊन मोकळा होतो. नियम दोघांना सारखाच. परंतु त्याचा भार सारखा नाही. आणि याचे उत्तर शासनाला ठाऊक नाही असेही नव्हे. याच राज्यात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात मिळालेली जागा हाती ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत उतरता येते. २०२५-२६ साठी तेथे बांधिलकीच्या पायऱ्या ठरविण्यात आल्या : पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती बंधनकारक, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही आणि चौथ्या फेरीत जी मिळेल ती. विद्यार्थ्याच्या आशेला वाव आणि दुसऱ्याच्या जागेला संरक्षण, अशी दोन्ही उद्दिष्टे या पायऱ्यांनी साधतात. अठरा वर्षांच्या मुलाला जी सवलत आहे, ती सोळा वर्षांच्या मुलाला का नसावी?

येथवर आम्ही शासनाच्या पुढच्या दाराविषयी बोललो. पण मुखेडचे ते गृहस्थ ज्या दाराने नाडले गेले, ते मागचे दार आहे. त्या दाराचे नियम कोणत्याही शासकीय पत्रकात सापडत नाहीत. दहावीची परीक्षा व्हायच्या आधीच, कित्येकदा हिवाळ्यातच, शिष्यवृत्तीच्या परीक्षांचे फलक लागतात. मुलाला त्या परीक्षेत हमखास सवलत मिळते, आणि ती सवलत अमुक तारखेपर्यंत रक्कम भरणाऱ्यालाच असते. अमुक वर्गाला नाव घातले की अमुक महाविद्यालयात सोय होते, असेही कानावर घातले जाते. मग खोली, मग मेस, मग पुस्तकांचा संच. निकाल लागण्यापूर्वी, पसंतीचा अर्ज भरण्यापूर्वी, मुलाला विज्ञानाची खरोखर आवड आहे की नाही हे ठरण्यापूर्वी, बापाने हजारो रुपये मोजलेले असतात. पैसे अडकले की निवड संपते. नंतर भरलेला पसंतीक्रम हा मुलाच्या मनाचा राहत नाही, तो बापाच्या पावत्यांचा क्रम होतो. पुढच्या दाराने दिलेले स्वातंत्र्य मागच्या दाराने असे काढून घेतले जाते.

आपल्याकडे जमिनीच्या किंवा बैलाच्या व्यवहारात इसार देण्याची रीत आहे. इसार दिला की घेणारा बांधला जातो. पण त्याबरोबर देणाराही बांधला जातो, त्याला तोच बैल दुसऱ्याला विकता येत नाही. बाजारातल्या अशिक्षित माणसालाही हा न्याय समजतो. विद्येच्या बाजारात मात्र असा इसार चालतो की, ज्याने केवळ एकाच बाजूचे हात बांधले जातात. पैसे भरणाऱ्याने मागे फिरू नये. घेणाऱ्याने मात्र शिक्षक बदलावेत, तुकडीत दुप्पट मुले बसवावीत, दाखविलेली खोली एक आणि दिलेली दुसरी असावी, तरी त्याचे काही बिघडत नाही.

परदेशांतही हा अनुभव नवा नाही. अमेरिकेत काही नामांकित महाविद्यालये हिवाळ्यापूर्वीच आगाऊ अर्ज घेतात. ज्या प्रकारात हा आगाऊ शब्द बंधनकारक असतो, तेथे विद्यार्थ्याने असा एकच अर्ज करावयाचा आणि निवड झाली तर बाकीचे सारे अर्ज मागे घ्यावयाचे असा दंडक आहे. त्यावर तेथील विचारवंतांचा आक्षेप हाच की, किंमत न विचारता आधी शब्द देणे हे श्रीमंताच्याच मुलाला परवडते. ज्याला शिष्यवृत्तीची तुलना करून ठरवावयाचे आहे, त्याला ते परवडत नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ साली आगाऊ प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले. इतर बहुतेक विद्यापीठे त्यांच्यामागे गेली नाहीत, आणि २०११ साली दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. मात्र निवड झालेल्याला बांधून न घेता. यातून घेण्याजोगा धडा असा की, एकट्या संस्थेच्या सद्भावनेने असल्या शर्यती थांबत नाहीत. सर्वांना सारखा नियम लागतो. इंग्लंडमध्ये तसा नियम आहे. तेथे एका अर्जात पाच निवडी देता येतात, उत्तरे आल्यावर एक पक्की आणि एक राखीव अशा दोन ठेवता येतात. बाकीच्या सोडाव्या लागतात. शिवाय ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोहोंकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. बंधन तेथेही आहे. पण ते आधी जाहीर केलेले, सर्वांना सारखे, आणि पैशाच्या पावतीशी न जोडलेले आहे.

आपल्या देशात यावर काहीच उपाय झालेला नाही, असेही म्हणता येणार नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्याला घेऊ नये, अथवा माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच घ्यावे. विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृह व मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पण त्या सूचना आहेत. त्यांना दात देण्याचे काम राज्यांचे आहे. पदवीच्या वर्गांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच फी-परतीचे कोष्टक घालून दिले : प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी सोडल्यास, प्रक्रियेचा अल्प खर्च वजा जाता, पूर्ण रक्कम परत, त्यानंतर क्रमाने नव्वद, ऐंशी आणि पन्नास टक्के. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यासही आयोगाने मनाई केली. मात्र आयोगाचा हात अकरावीपर्यंत पोचत नाही. म्हणजे वयाने मोठ्या विद्यार्थ्याला जे संरक्षण आहे, ते लहानाला नाही.

वर्गचालकांची आणि संस्थांची बाजू आम्ही ऐकली नाही असे कोणी म्हणू नये. जूनमध्ये तुकडी सुरू करावयाची तर शिक्षकांशी करार मार्चमध्ये करावे लागतात. शंभर मुले नाव घालून ऐन वेळी चाळीसच आली तर तो तोटा कोणी सोसावा, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर पूर्ण फी बुडविणे हे नव्हे. नोंदणीची एक लहान, ठराविक रक्कम घेता येईल आणि तेवढीच बुडाली तर कोणी तक्रार करणार नाही. व्यवसायातील जोखीम व्यावसायिकाने सोसावी, ही सर्वत्र मान्य असलेली रीत आहे. शिकवणीच्या धंद्यातच ती ग्राहकाच्या, तेही एका अल्पवयीन मुलाच्या गळ्यात का घालावी?

तेव्हा आमच्या मते पुढील गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, दहावीचा निकाल लागून पसंतीचा अर्ज भरण्याची मुदत संपेपर्यंत, कोणत्याही शिकवणी वर्गाने वा त्याच्याशी संलग्न वसतिगृहाने अकरावीसाठी नोंदणीच्या ठराविक रकमेपलीकडे एक पैसाही घेऊ नये, आणि ही मर्यादा कायद्याने घालावी. दुसरी, आयोगाच्या धर्तीवर फी-परतीचे कोष्टक कनिष्ठ महाविद्यालयांना आणि शिकवणी वर्गांना लागू करावे व ते पावतीवरच छापणे सक्तीचे करावे. आज जेथे 'परत मिळणार नाही' असे छापले जाते, तेथेच. तिसरी, पसंतीच्या यादीत प्रत्येक महाविद्यालयापुढे वर्षाची एकूण फी, वसतिगृहाची सोय आणि मागील वर्षी प्रवेश कोठे थांबला तो गुणांक यांची नोंद असावी, आणि ती चुकीची निघाल्यास त्या महाविद्यालयाची पहिली पसंती विद्यार्थ्यावर बंधनकारक राहू नये. चौथी, अभियांत्रिकीप्रमाणे मिळालेली जागा राखून वरच्या पसंतीसाठी थांबण्याची मुभा अकरावीलाही द्यावी. पाचवी, हे नियम समजावून सांगण्याचे काम दहावीच्या शाळेचे असावे, आणि ते परीक्षेपूर्वी, मराठीत, पालकांना बोलावून व्हावे.

या पाचव्या सूचनेविषयी थोडे अधिक. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. दहावीचा वर्ग सुटला की शिक्षकाचा त्या मुलांशी संबंध संपतो, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड आहे. ज्याने मुलाला पाच वर्षे पाहिले, ज्याला त्याची वही, त्याची भाषा आणि त्याची भीती ठाऊक आहे, त्याचा सल्ला कोणी विचारीत नाही. ज्याने त्याला पाच मिनिटे पाहिले, त्याच्या मेजापलीकडून मात्र त्याचे भवितव्य ठरते. गावातल्या गुरुजींनी दोन तास काढून दहा ओळींचा तो अर्ज समजावून दिला, तर लातूर-नांदेडच्या निम्म्या पावत्या फाडल्याच जाणार नाहीत.

पालकांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. अनेक ठिकाणी अर्ज करा. तो तुमचा हक्क आहे. पण एक जागा निश्चित झाली की दुसरी त्याच दिवशी सोडा. आपण उगाच धरून ठेवलेल्या जागेची वाट पाहत कोणी तरी उमरी-हदगावच्या एखाद्या घरात बसलेले असते. आणि पसंतीचा पहिला क्रमांक लिहिताना शेजाऱ्याचा मुलगा कोठे गेला हे पाहू नका. आपल्या मुलाशी बोला. तो क्रमांक बंधनकारक आहे म्हणूनच तो त्याच्या मनातला असावयास हवा. सारा मराठवाडा डॉक्टर होऊ शकत नाही, आणि होण्याची गरजही नाही.

मुखेडच्या त्या गृहस्थांना त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते आज सांगतो. तीन जागी नाव घातले यात तुमच्या लेकीचे काही चुकले नाही. जिला आपले भवितव्य ठाऊक नव्हते, तिने तीन दारे ठोठावली, एवढेच. ज्या दारांनी उघडण्यापूर्वीच मोल घेतले आणि ते परत करण्याचे नाकारले, त्यांचे चुकले. आणि हे होत असताना दुसरीकडे पाहत राहिलेल्या आपणां सर्वांचे चुकले. एका पिढीने या प्रदेशात महाविद्यालये आणण्यासाठी वर्गणी दिली. पुढच्या पिढीला त्यांच्या दाराशी इसार मोजावा लागू नये, एवढी दक्षता तरी शासनाने आणि समाजाने घ्यावी.